काडीसारखे पाय

दुमयात, शाबानची दहावी

नगला,

माझी पत्रं डॉक्टरला वाचून दाखवायची अक्कल तुला कोणी दिली? रऊफने? की त्या गार खोल्यांत बसून बसून तुझ्या मेंदूलाच गारठा आलाय? मी लिहिलं, बासिम लिंबासारखा पिवळा पडलाय. लिहिलं, त्याचे पाय काडीसारखे आहेत, खात काही नाही, उठता-बसता पडतो. हो, लिहिलं. दर पत्रात लिहिलं. आणि तू ती सगळी पत्रं पिशवीत भरून डॉक्टरच्या टेबलावर नेऊन ओतलीस. तो शहाणा पोराला न बघता म्हणाला, हाडांत दोष असणार. आणि वर तू मला कळवतेस, "ताई, तुझ्याच हाताने लिहिलंयस, आता नाही म्हणू नकोस."

अगं, कुठे वाढलीस तू? पॅरिसात?

माझ्या नवऱ्याचं नाव शहाता का आहे, सांग ना रऊफला. भीक मागून आणलेला. त्याच्या आधीची भावंडं राहिली नाहीत, म्हणून सासूने असलं नाव ठेवलं, की मरणालाही उचलायची लाज वाटावी. आणि तू? लोण्यासारखी होतीस. आपल्या आईने तुला चार वर्षांची होईतो धड धुतलेला फ्रॉक घातला नाही. गल्लीत कोणी विचारलं, पोर कशी आहे, तर म्हणायची, "कसली पोर, माकडीण आहे, ही काही जगत नाही." चांगली टुणटुणीत जगलीस! तेव्हा कोणी तुला डॉक्टरकडे नेलं नाही.

पत्र माझ्या हातून निघतं ते पोस्टातला सय्यद उलटंपालटं करून बघतो. तिथे रऊफ ते जेवणाच्या थाळीभोवती पाच माणसांत मोठ्याने वाचतो, हे तूच मला हसत हसत लिहिलं होतंस. त्यातल्या कोणाला पोर नाही, कोणाचं आजारी आहे. एवढ्या डोळ्यांपुढे मी काय लिहू? की पोरगा कसा आहे ते? मी लिहिणार नाही. आजही लिहिणार नाही. तू समजून घ्यायचं असतं. आणि तू समजत होतीस, नगला. यानेच माझा तिळपापड होतोय, की तुला सगळं कळत होतं.

आता तुझी सायकल. फिक्री रजेवर आला तो खोकं घेऊन. सगळी गल्ली मागे. त्याची आई उम्म फिक्री तर अशी पुढे चालत होती की जणू तिच्या लेकाने कुवेतहून उंट आणलाय. लाल सायकल, हँडलला झिरमिळ्या, मागे दोन बाजूंना दोन लहान चाकं. आणि खोक्यात तुझी चिठ्ठी. "इथे त्याच्या वयाची पोरं चालवतात. त्याला येत असेल तर चालवतानाचा फोटो पाठव, मी गप्प बसते. नसेल येत, तर ईदला येऊन त्याला घेऊन जाते, इथे इलाज करते."

मला परीक्षा लावतेस? मला? भाड्याच्या सायकलींच्या दुकानात मी लग्न होऊन आले. ईदच्या सकाळी नवे कपडे घालून अख्ख्या मोहल्ल्याची पोरं आमच्या दारात उभी असतात, आणि कोणाला सायकल द्यायची आणि कोणाला नाही, ते शहाता नाही ठरवत, मी ठरवते. शहाता सगळ्यांना देतो. मग गुडघे कोण धुतं?

तर ऐक. पोराचं वय बघून सायकल देत नाहीत. उंची बघूनही नाही. मी त्याला सायकल नुसती उचलून उभी करायला लावते. जो हँडल धरून तिला आपल्या अंगाला टेकवतो, त्याला ती हवी आहे. जो खाली टाकून देतो, त्याला घंटी हवी आहे. मग तो पडला की बघते. पडल्यावर आधी सायकलीकडे बघितलं तर ठीक. आधी इकडेतिकडे बघितलं, रडायला कोणी आहे का म्हणून, तर पुढच्या ईदला ये बाबा. बासिमने काल तुझी सायकल खाली टाकली आणि घंटी वाजवत बसला. अजून तीन वर्षं पूर्ण नाहीत. त्यात हाडांचा काय संबंध? तो घंटीच्या वयात आहे.

त्याला चाळीस दिवस झाले आणि तू त्याला माझ्या मांडीवर ठेवलंस. मी मागितला नव्हता. मला मूल नाही हे खरं, पण मी कोणाच्या दारात ओटी पसरली नव्हती. तू म्हणालीस, "ताई, शाळेत जाईपर्यंत तुझ्याकडे. मी आणि रऊफ तिथे एका खोलीत चार माणसांबरोबर, याला कुठे ठेवू?" मी म्हटलं, बरं. शाळेत जाईपर्यंत. शाळा कुठे आणि घंटी कुठे?

मला सरळ लिही, तुझ्या मनात काय आहे.

इन्शिराह

०

दुमयात, शाबानची अठ्ठावीस

नगला,

तुझं उत्तर मिळालं. अर्धं पान. "ताई, उगाच ओरडू नकोस, इलाजापुरताच नेणार आहे, तू सायकलचं बघ." सायकलचं बघ! म्हणजे परीक्षा आहेच. बरं, बघते.

परवा मी ती लहान चाकं काढून टाकली. शहाता म्हणाला, "अगं, ती त्याच्या आधारासाठी असतात."

मी म्हटलं, "तुझ्या आईने तुला काखेत कुबड्या देऊन चालायला शिकवलं होतं का?"

त्या चाकांवर पोर एका बाजूला कलून बसायला शिकतं, नंतर ते कलणं मोडायला वर्ष जातं. मग मी पायडलंही काढली. शहाताने कपाळाला हात लावला. "आता उरलं काय सायकलीत?" उरलं ते पुरे. बैठक खाली केली, तळवे पूर्ण जमिनीला टेकतील एवढी. आता बसायचं आणि पायांनी ढकलायचं. ढकलता ढकलता अंगच आपलं आपण शिकतं की पडायचं नसतं. पायडलं मी पिठाच्या डब्यामागे ठेवली आहेत, वेळ आली की लावीन. ती वेळ ईदला येणार नाही, हे तुला आत्ताच सांगते. तुझ्या विमानाचं तिकीट बघून पोर तयार होत नाही.

दुकानासमोरच्या फरशीवर मी त्याला रोज दुपार कलली की, असरच्या नमाजानंतर बसवते. तो दोन पावलं ढकलतो आणि उतरून मांजराच्या मागे जातो. मी त्याला परत बोलावत नाही. शहाता अस्वस्थ होतो. "पुन्हा बसव ना." मी म्हणते, "मांजर संपलं की येईल." आणि येतो. रागाने सायकलीकडे येतो, जसं काही तीच पळाली होती.

शहाताला यंदा काय झालंय कळत नाही. जन्मभर कोणत्या पोराला सायकल आली की नाही याची त्याने पर्वा केली नाही, आणि आता दर तासाला, "आज किती गेला? आज किती गेला?" मी म्हटलं, "पोर आहे, आगगाडी नाही."

तुला फोटो मिळेल. मी म्हटलं होतं, खोटा फोटो पाठवणार नाही, मागून धरून, हात कापडात लपवून, जसा लग्नात नवरदेवाचा घोडा धरतात. पण शहाता म्हणाला, तिचं समाधान होऊ दे, आणि काल बासिमला स्टुडिओत घेऊन गेला. मी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला, केस ओले करून भांग पाडला. निघाले दोघं हातात हात घालून. सायकल मात्र दारातच राहिली. मी हाक मारली, तर म्हणाला, "राहू दे, तिथे ओझं कशाला." इतका वेंधळा माणूस मी दुसरा बघितला नाही. सायकलीवरचा फोटो काढायला निघालाय आणि सायकल घरी.

तर तुझ्या नशिबी नुसत्या शर्टाचा फोटो येईल. त्यात पाय दिसणार नाहीत. बस शोधत.

आणखी एक. तू विचारलंस, तो मला काय म्हणतो. खाला म्हणतो. मीच शिकवलंय. भिंतीवर तुझा फोटो आहे, त्याकडे बोट दाखवून त्याला 'आई' शिकवलं. सकाळी उठून फोटोला 'आई' म्हणतो आणि मग मला म्हणतो, 'खाला, भाकरी.' तुझ्या शब्दाला मी हात लावला नाही. तू तुझ्या शब्दाचं काय केलंस ते बघ.

इन्शिराह

०

दुमयात, रमजानची सहावी

नगला,

हे पत्र टाकू की नको, असा दोनदा विचार केला. टाकलं तर तू हेही डॉक्टरकडे नेशील. ने. न टाकलं तर उम्म फिक्रीच्या तोंडून तुला कळेल, आणि तिच्या तोंडून कळलं की पोराची मान मोडलेली असेल.

काही मोडलेलं नाही. हनुवटीला खोक पडली, दवाखान्यात दोन टाके घातले. रडला, मग डॉक्टरची कात्री मागितली.

मी बाजारात गेले होते, इफ्तारला मुलूखियाची भाजी आणायला. मागे शहाताने माझ्या डब्यामागून पायडलं काढली, सायकलीला लावली, आणि पोराला नदीकाठच्या उतारावर घेऊन गेला. मागून बैठक धरली. "मी धरलंय हं, मी धरलंय," म्हणत पळाला. आणि सोडून दिलं. न सांगता. सगळे बाप असंच शिकवतात, मला माहीत आहे. धरलंय धरलंय म्हणायचं आणि सोडायचं, आणि पोर पुढे गेलं की टाळ्या वाजवायच्या. आमच्या दुकानात मी हे कधी चालू दिलं नाही. सोडायचं असेल तर सांगून सोड. पोर म्हणेल नको, तर नको. कारण ज्या दिवशी ते मागे वळून बघतं आणि हात तिथे नसतो, त्या दिवशी ते सायकल शिकत नाही, दुसरंच काहीतरी शिकतं.

बासिमने मागे वळून बघितलं.

मी आले तेव्हा पांढऱ्या शर्टाची पुढची बाजू लाल. शहाता उपाशी, तहानलेला, दारात बसून रडत होता. मी त्याला वाट्टेल ते बोलले. रोजा होता म्हणून शिव्या तेवढ्या गिळल्या. मी म्हटलं, "एवढी कसली घाई सुटली होती तुला?"

तो म्हणाला, "ईदच्या आत त्याला यायला हवी."

"का? ईदला काय आभाळ कोसळतंय?"

तो उठला आणि माझ्या पिशवीतली भाजी निवडायला बसला. माझ्या नवऱ्याला भाजी निवडता येते हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं.

तेव्हापासून बासिम त्याला जवळ येऊ देत नाही. शहाता दारातून आला की माझ्या झग्याखाली शिरतो. फानूस आणून दिला, मेणबत्तीचा, रंगीत काचांचा, तर फानूस घेतला आणि पाठ फिरवली. रमजान असा चाललाय आमचा.

उम्म फिक्री आली, म्हणाली, दृष्ट आहे, दुसरं काही नाही, एवढी लाल सायकल गल्लीतून मिरवत आणली. कोणी मिरवली, ते नाही बोलली. तिने कागदाची बाहुली कापली, मी सुई दिली. ती टोचत गेली, एकेक नाव घेत. सय्यद पोस्टमनचा डोळा. भाजीवालीचा डोळा. खाली राहणाऱ्या वांझोटीचा डोळा, म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून जीभ चावली. मी म्हटलं, "टोच टोच, माझाही टोच, मला राग नाही." मग ती म्हणाली, "आणखी कोण?"

मी म्हटलं, "नगला."

तिची सुई थांबली. "अगं, आईचा डोळा कधी लागतो का?"

"टोच," मी म्हटलं.

तिने टोचलं, पण हळूच, कडेला. बाहुली तुरटीबरोबर जाळली. तू हे वाचून दुखावशील तर दुखाव. मला आनंद होईल.

इन्शिराह

०

दुमयात, रमजानची बारावी

नगला,

पलंग निळा आहे म्हणे.

गादीवर माशांची चित्रं आहेत. खिडकीखाली लावलाय. तुम्ही आता चार माणसांच्या खोलीत राहत नाही, दोन खोल्यांचं घर घेतलंय, उन्हाळ्यापासून. खाली शाळा आहे, लहान पोरांची, त्यात नाव घातलंय, ईद झाली की दुसऱ्या आठवड्यात सुरू. हे सगळं मला काल कतायफ तळताना कळलं. उम्म फिक्री माझ्याकडे सारण भरायला बसली होती. सहज म्हणाली, "बरं झालं बाई, तुझ्या बहिणीने काय मस्त पलंग आणलाय पोराला, फिक्रीनेच तर जोडून दिला, निघायच्या आधी."

मी म्हटलं, "कोणता पलंग?"

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कतायफची कड दाबत राहिली. दाबून दाबून ती फाटली. "मला वाटलं तुला माहीत आहे, इन्शिराह. अल्लाची शपथ, मला वाटलं तुला माहीत आहे. शहाताला तर माहीत आहे."

फिक्री निघायच्या आधी. म्हणजे सायकल खोक्यात होती तेव्हाच पलंग खिडकीखाली होता. डॉक्टर नंतरचा. हाडं नंतरची. 'चालवली तर गप्प बसते' नंतरचं. तू आधी ठरवलंस आणि मग कारण शोधायला निघालीस, आणि ते तुला माझ्या पत्रांत सापडलं. एक एक ओळ मी त्याच्यावर मीठ-मोहरी ओवाळावी तशी लिहिली होती. तीच ओळ तू उचललीस आणि म्हणालीस, बघा, हिच्याकडे पोर असं झालं. माझा केसाने गळा कापलास, नगला, आणि केसही माझाच.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली. शहाताने खजूर तोंडात टाकला. मी म्हटलं, "तो शर्टाचा फोटो कुठे आहे?"

खजूर तसाच गालात. "पाठवला."

"कशासाठी?"

"पासपोर्टला लागतो," तो म्हणाला. आणि मग सगळं एका दमात, जसं काही तोंड उघडायला अजानीचीच वाट बघत होता. "तिने टेलिफोनच्या सेंट्रलवर फोन करून मला बोलावलं होतं. म्हणाली, ताईला सांगू नकोस, ती गल्ली डोक्यावर घेईल. आई आहे त्याची, इन्शिराह. मी काय म्हणणार होतो? मी त्याचा कोण?"

"आणि मी कोण?"

तो म्हणाला, "म्हणूनच तर सांगवत नव्हतं."

"मग पायडलं का लावलीस? जायचंच होतं, तर त्याला उतारावरून का ढकललंस?"

तेव्हा त्याने जे सांगितलं ते तुला कळू दे. तो म्हणाला, "तिथली पोरं सगळी चालवतात म्हणून तिनेच लिहिलंय ना. आपला जाऊन उभा राहील आणि त्याला येणार नाही. हसतील त्याला. सायकलवाल्याच्या घरचा आणि सायकल येत नाही. मला वाटलं, जायच्या आत एवढं तरी त्याच्या पायात घालून पाठवू."

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं. मिटलं. पण माफ केलं नाही. तो वर गच्चीवर कबुतरांजवळ झोपतो हल्ली. माझा शर्ट, माझी इस्त्री, माझ्याच हाताने पाडलेला भांग, आणि त्यावर पासपोर्टचा शिक्का. दोघांनी मिळून माझ्याच हातांना कामाला लावलंत.

आणि अजून आहे. मी म्हटलं, "कसं नेणार होतात? मी दारात आडवी पडले असते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?" तो म्हणाला, ईदच्या दुसऱ्या दिवशी मला पलीकडच्या मोहल्ल्यातल्या फातिमाच्या घरी मिठाई द्यायला पाठवायचं, आणि पोराला सांगायचं, चल, विमानात एक चक्कर मारून येऊ, संध्याकाळी खालाकडे परत.

संध्याकाळी परत.

ही तुझी कल्पना की रऊफची, मला जाणून घ्यायचं नाही. त्या उताराहून हे काय वेगळं आहे, ते मात्र तूच मला सांग. धरलंय धरलंय म्हणायचं, आणि संध्याकाळ झाली की त्याने त्या निळ्या पलंगावर बसून दाराकडे बघायचं.

इन्शिराह

०

दुमयात, रमजानची पंधरावी

नगला,

फिक्रीची रजा मोडली, मालकाने त्याला ईदच्या आधीच बोलावलंय. हे पत्र त्याच्या हाती देते. पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत कोणाला वाचायचं असेल त्याने वाचावं. सय्यद, रऊफ, थाळीभोवतीची पाचही माणसं. मोठ्याने वाच म्हणावं.

बिस्मिल्ला म्हणून लिहिते. बासिम धडधाकट आहे. त्याच्या मांड्या अशा आहेत की पायजमा चढत नाही. सकाळी घेवड्याची उसळ आणि भाकरी खातो, माझ्या ताटातलं पांढरं चीज खातो, आणि शेजारी जाऊन उपाशी असल्यासारखं तोंड करून पुन्हा खातो. रंग उजळ, केस दाट, डोळे आपल्या आईचे. तुझे नाहीत, आपल्या आईचे. धावतो तर मला सापडत नाही. माझ्या बहिणीच्या पोरासारखं पोर अख्ख्या दुमयातमध्ये नाही. हे लिहिताना मी प्रत्येक ओळीला माशाल्ला म्हणते आहे, पण लिहिते आहे, माझ्या सहीने. आता ने हे डॉक्टरकडे.

सायकलीचंही ऐक. पायडलं मी पुन्हा काढली. टाके पडल्यावर तो चार दिवस तिच्याजवळ गेला नाही, मी काही बोलले नाही. मग परवा आपणच गेला. तिला उभी केली. अंगाला टेकवली. बसला, ढकलत ढकलत न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेला, आणि तिथून येताना दोन्ही पाय उचलले. शिंप्याचा दरवाजा संपेपर्यंत पाय हवेत होते. मग आडवा झाला. पडल्यावर सायकलीकडे बघितलं, चाक फिरतंय का ते. मी दारात उभी होते, त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. शहाता गच्चीवरून बघत होता, त्याला वाटलं मला दिसत नाहीये.

तर तो लवकरच तयार होईल. मी अडवणार नाही. जे मूल आपलं आपण पाय उचलतं त्याला मी खाली बसवून ठेवणारी नाही.

पण नगला, तू त्याला ओळखत नाहीस आणि तो तुला ओळखत नाही. त्याला फोटो ओळखता येतो. फोटो ओरडत नाही, नाक पुसत नाही, भाकरी देत नाही. फोटोतली बाई एक दिवस दारातून आत आली आणि हात धरून ओढायला लागली, तर तो काय करेल, विचार कर. तू आई आहेस, मी कधी नाही म्हटलं नाही. मला तुझं पोर चोरायचं असतं तर 'आई' हा शब्द मी स्वतःलाच घेतला असता. किती सोपं होतं ते. तू हजार मैलांवर, तो दूध पिणारा. कोणाला कळलं असतं?

माझी अट एकच आहे, आणि ती मी रडून मागत नाही, सांगते आहे. तू ये. रऊफला तिथेच राहू दे. तू एकटी ये आणि महिनाभर या घरात राहा. त्याला जेवू घाल, त्याच्या लाथा खा, तो रात्री माझ्याकडे पळत आला तर आम्हा दोघांच्या मध्ये झोप. त्याच्या मागे पळ, तो सायकलवर असताना. शाळा महिनाभर थांबेल, शाळेला पाय नाहीत. आणि जायचं ठरेल त्या दिवशी तू त्याला समोर बसवून तुझ्या तोंडाने सांग, की आपण चाललोय, लांब, आणि संध्याकाळी परत येणार नाही. खाला येणार नाही. त्याला सांग. तो रडेल, रडू दे. मी शेजारी बसेन, मध्ये बोलणार नाही. मग त्याने तुझं बोट धरलं तर त्याची पिशवी मीच भरीन. तो शर्ट धुतला, डाग गेला नाही, पण नवा शिवते.

हे जमत नसेल तर तसं सांग. गोड बोलू नकोस. 'ताई, बघू' म्हणू नकोस. बघू म्हणत म्हणत तुम्ही पासपोर्ट काढलात.

रमजानच्या पंचविसाव्याला, भर दुपारी जुहरच्या नमाजानंतर, मी सेंट्रलवर जाऊन बसणार आहे. तिथल्या बाईला सांगून ठेवलंय, कुवेतचा फोन आला की इन्शिराहला हाक मार. असरपर्यंत बसेन. शहाताला फोन करू नकोस, त्याच्या हाती निरोप ठेवू नकोस, त्याने दिलेला कोणताही शब्द मी घेणार नाही. मला फोन कर. फोन आला नाही, तर त्याच संध्याकाळी मी बासिमला घेऊन नदीपलीकडे जाईन, आईच्या माहेरच्या माणसांत, कोणत्या घरी ते शहातालाही सांगणार नाही. मग ईदला तू भरल्या बॅगा घेऊन ये, दाराला कुलूप असेल.

एक महिना राहणार की नाही? पंचविसाव्याला, असरच्या आत सांग.

इन्शिराह